मामाच्या ट्रंकेतले आर्ची, मिली आणि पॅट्सी : एकटा आर्चीच कसा टिकला?

अमोघ_डोंबिवली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, तेव्हा चूकभूल सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आजोळची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून सगळं सामान हलवायला घेतलं आणि पोटमाळ्यावर मामाची पत्र्याची ट्रंक सापडली. मामा मर्चंट नेव्हीत होता, १९६६ साली पहिल्यांदा बोटीवर गेला, आता ऐंशी पूर्ण आहेत त्याला. ट्रंकेत वर स्वेटर, त्याखाली बोटीची कागदपत्रं आणि अगदी तळाशी जुन्या लुंगीत गुंडाळलेली अमेरिकन कॉमिक्स, मोजली तर एकोणीस. मला वाटलं सुपरमॅन वगैरे असतील पण नाही, सगळी शाळकरी आणि कॉलेजवयातल्या पोरापोरींची विनोदी कॉमिक्स निघाली. अकरा आर्चीवाल्यांची, म्हणजे आर्ची, बेटी अँड व्हेरोनिका आणि जगहेड धरून. चार 'मिली द मॉडेल', दोन 'पॅट्सी अँड हेडी' आणि दोन 'टिपी टीन'. टिपी टीनवर २५ सेंट किंमत आहे आणि ती जाडजूड आहेत, बाकी बहुतेकांवर १२ सेंट.

आर्ची मला माहीत होता, आम्ही लहानपणी लायब्ररीतून दिवसाला एक रुपया भाड्याने त्याची डायजेस्ट, म्हणजे छोट्या आकाराचे जाड अंक, आणायचो. पण मिली, पॅट्सी, टिपी ही नावं मी जन्मात ऐकली नव्हती. चाळल्यावर वाटलं की अरे ही तर तितकीच मजेदार आहेत, चित्रं काही ठिकाणी जास्तच देखणी आहेत, मग ही सगळी गेली कुठे आणि आर्चीच एकटा कसा काय उरला?

अजून दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे एकोणीसपैकी दोन अंकांच्या कव्हरची वरची पट्टी कापलेली आहे, अगदी सरळ, पट्टी लावून कापल्यासारखी, मासिकाचं नावच गायब. त्यातला एक जगहेडचा आहे, आत पहिल्या पानाखाली बारीक अक्षरात १९६४ लिहिलंय, आणि मामा तर बोटीवर गेला ६६ ला, मग हा त्याच्याकडे आला कसा? दुसरं म्हणजे त्याच अंकातली एक गोष्ट मामाची सगळ्यात आवडती आहे, त्याला अजून पाठ आहे, पण चित्रकाराचं नाव कुठेच नाही. आठवड्यातून दोनदा विचारतो मला, कोणी काढलंय रे हे. कुणाला सांगता येईल का?

---

कागदकीडा

अमोघ, आधी एक करा, त्या लुंगीतून काढून पुन्हा लुंगीत ठेवू नका आणि चिकटपट्टी कुठेही लावू नका. बाकी सविस्तर लिहितो, या विषयावर मी वीसेक वर्षं जीव टाकतोय.

सुरुवात १९३९ ची. न्यूयॉर्कमध्ये मॉरिस कॉइन, लुई सिल्बरक्लाइट आणि जॉन गोल्डवॉटर या तिघांनी कंपनी काढली, तिघांच्या पहिल्या नावांची आद्याक्षरं घेऊन नाव ठेवलं एमएलजे. धंदा काय, तर सगळे करत होते तोच, सुपरहिरो. १९४० च्या जानेवारीत त्यांचं 'पेप कॉमिक्स' आलं, त्यात 'द शील्ड' नावाचा हिरो, अंगावर अमेरिकेचा झेंडाच पांघरलेला, कॅप्टन अमेरिकाच्या आधी वर्षभर. हे लोक विसरतात. म्हणजे आर्चीचं घर मुळात मारामारीचं घर होतं.

डिसेंबर १९४१ च्या तारखेचा पेपचा २२ वा अंक, त्यात मागे कुठेतरी सहा पानांची एक विनोदी गोष्ट टाकली. लेखक विक ब्लूम, चित्रं बॉब मॉन्टानाची. शेजारी नवीन राहायला आलेल्या बेटीवर छाप पाडायला धडपडणारा लाल केसांचा पोरगा, त्याला स्वतःचं आर्ची हे नावही आवडत नाही, मला चिक म्हणा म्हणतो. सोबत त्याचा मित्र जगहेड आहेच. व्हेरोनिका आली चार अंकांनंतर, एप्रिल १९४२ ला. तेव्हा मिकी रूनीच्या अँडी हार्डीच्या सिनेमांची धूम होती आणि रेडिओवर हेन्री ऑल्ड्रिच नावाचा असाच एक गोंधळी पोरगा घराघरात ऐकला जायचा, त्याच वाऱ्यावर हे बी पडलं. बरं, आर्ची पहिलाही नव्हे. याच एमएलजेच्या 'झिप कॉमिक्स'मध्ये तीन महिने आधी विल्बर नावाचा असाच पोरगा आलेला. विल्बर मागे पडला, आर्ची चालला. माझं मत विचाराल तर फरक मॉन्टानाच्या हातात होता, तो पोरगा धडपडतो तेव्हा त्याचे कोपर-गुडघे खरंच कुठेतरी आपटल्यासारखे दिसतात.

पुढे वर्षभरात आर्चीचं स्वतंत्र मासिक, १९४६ ला कंपनीचंच नाव बदलून आर्ची. बिचाऱ्या शील्डचा फॅन क्लब होता, तो जाऊन आर्चीचा क्लब झाला, आणि चाळीसचं दशक सरता सरता ज्याच्यासाठी पेप निघालं होतं तोच पेपमधून बाहेर!

आणि मग रांग लागली. युद्ध संपत आलं तसे सुपरहिरो खपेनात, टीनएजर हा शब्द नवा नवा रुळत होता, त्या पोरींसाठी १९४४ ला 'सेव्हन्टीन' मासिकही निघालं. मार्व्हल तेव्हा टायमली होती, तिने त्याच वर्षी नोव्हेंबरला पॅट्सी वॉकर आणली आणि पुढच्या वर्षी मिली. या दोघींची पहिली चित्रं रूथ ॲटकिन्सन या बाईंनी काढलेली, त्या काळात या धंद्यात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सुपरमॅनवाल्या डीसी कंपनीने बझी, जूडी, बिंकी अशी टीनएजर पोरापोरींची मासिकं काढली. आर्चीवाल्यांनी स्वतःच केटी कीन ही फॅशनवाली नायिका आणली, बिल वॉगनची, आणि त्यात वाचकांनी ड्रेसची डिझाइन पाठवायची, केटीला तो ड्रेस घालून छापायचे आणि बाजूला ज्या मुलीने पाठवला तिचं नाव आणि गाव. मी एकदा असा अंक हातात धरलाय ज्यातले सगळे ड्रेस कात्रीने कापून नेलेले होते, पानांत नुसत्या बाहुलीच्या आकाराच्या खिडक्या. भाव शून्य त्याचा, पण मला तो अंक विकत न घेतल्याचं अजून वाईट वाटतं.

आता ही सगळी गेली का यावर वेगळं लिहितो, हात दुखले.

---

निखिल_के

कागदकीडा, जबरी माहिती. मला वाटतं उत्तर सोपं आहे, कॉमिक्स कोड. १९५४ ला कॉमिक्समुळे मुलं बिघडतात म्हणून अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, घाबरून प्रकाशकांनी आपणच संघटना काढून कोड बनवला, आणि त्या संघटनेचा वर्षानुवर्षं अध्यक्ष कोण, तर हेच आर्चीवाले गोल्डवॉटर. नियम करणारा आणि धंदा करणारा एकच असल्यावर बाकीचे उरणार कसे? अमोघ, तुमच्या मिलीच्या कव्हरवर वर कोपऱ्यात टपाल तिकिटासारखा छोटा शिक्का असेल बघा, तो त्याचाच.

---

जुनी_पुस्तकं_पुणे

कापलेल्या पट्टीचं मी सांगतो, कारण आमच्याकडे अप्पा बळवंत चौकातही माझ्या वडिलांच्या हातात असे अंक यायचे आणि त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यांना वाटायचं उंदराचं काम आहे.

अमोघ, मामांनी नाही कापलेलं ते. अमेरिकेत तेव्हा कॉमिक्स वर्तमानपत्राच्या स्टॉलवर आणि औषधाच्या दुकानात गोल फिरणाऱ्या तारेच्या रॅकवर विकायचे, आणि माल परतीच्या बोलीवर यायचा. महिना संपला, नवीन अंक आला, की न खपलेले परत. पण एवढा कागद परत पाठवायचं भाडं कोण भरणार, म्हणून दुकानदाराने कव्हरची वरची पट्टी, जिच्यावर मासिकाचं नाव आणि तारीख असते, ती कापायची आणि नुसत्या पट्ट्यांचा गठ्ठा पाठवायचा, तेवढे पैसे वळते व्हायचे. उरलेला अंक रद्दीत लगदा करायला द्यायचा असा नियम होता. पण छापील वस्तू हातात असताना लगदा कोण करतो हो, ते मागच्या दाराने पाच-पाच सेंटला विकले जायचे, गठ्ठेच्या गठ्ठे. तुमचा ६४ चा अंक ६६ नंतर मिळाला तो त्यामुळे. मामांना विचारा, बंदराजवळ कुठल्या तरी स्वस्तातल्या दुकानात घेतला असणार.

आणि तारखेचं पण लक्षात ठेवा, कव्हरवर जो महिना छापतात त्याच्या दोन-तीन महिने आधी अंक बाजारात यायचा, रॅकवर जास्त दिवस ताजा दिसावा म्हणून. किंमतीवरून सुद्धा काळ कळतो, दहा सेंटचे बारा झाले ६१-६२ च्या सुमाराला आणि बाराचे पंधरा ६९ ला.

निखिल, तुझं पटत नाही. कोडने मारली ती भुताखेतांची आणि गुन्हेगारीची कॉमिक्स. मिली, पॅट्सी, बिंकी यांच्यात कोडला नडेल असं होतंच काय? फार तर गळे वर चढवले असतील.

---

कागदकीडा

पुण्याच्या मित्रांशी सहमत, आणि पट्टीचं इतकं नीट लिहिल्याबद्दल आभार. मी पण तेच म्हणणार होतो, मारलं ते वितरणाने.

मार्व्हलचे मालक मार्टिन गुडमन. १९५७ ला ते ज्या मोठ्या वितरकाकडून माल पाठवत होते त्या अमेरिकन न्यूज कंपनीने हा धंदाच सोडला. रातोरात गुडमनकडे छापलेला माल आहे पण पोचवायला कुणी नाही अशी अवस्था. शेवटी आसरा कुठे मिळाला तर डीसीच्याच मालकीच्या वितरण कंपनीकडे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या दारात, आणि त्यांनी अट घातली की महिन्याला साधारण आठच अंक. आधी डझनांनी मासिकं काढणारा माणूस आठवर आला. आणि अमोघ, हे नीट ऐका, त्या मोजक्या जागांमध्ये गुडमनने मिली ठेवली, पॅट्सी ठेवली. सुपरहिरो तेव्हा त्याच्याकडे नव्हतेच जवळजवळ. मार्व्हल त्या वाईट दिवसांत तगून राहिली त्यात या पोरींचा वाटा आहे, आणि आज मार्व्हलच्या इतिहासाच्या चकाचक पुस्तकांत यांना अर्धं पानही मिळत नाही याचा मला मनापासून राग येतो.

पुढे फॅन्टॅस्टिक फोर, स्पायडरमॅन आले, खपू लागले, जागा तर मोजक्याच. मग एकेक जागा त्यांच्याकडे गेली. पॅट्सी वॉकरचं मासिक १९६५ ला बंद, तुमच्याकडचं पॅट्सी अँड हेडी ६७ ला. मिली मात्र दोनशे अंक ओलांडून १९७३ पर्यंत चालली. पॅट्सीचं पुढे काय झालं सांगू का, १९७६ ला तिला हेलकॅट नावाची सुपरहिरोइन केली. जिची जागा सुपरहिरोंनी घेतली तिलाच शेवटी तो पोशाख घालून परत यावं लागलं.

बिंकीची गोष्ट अजून बोलकी आहे. डीसीने ते १९५८ ला बंद केलं. दहा वर्षांनी, १९६८ च्या मध्याला, डीसीने बिंकी पुन्हा काढला, त्याच वर्षी टीव्हीवर आर्चीचं कार्टून आलं आणि पुढच्या वर्षी त्यातल्या बँडचं 'शुगर शुगर' गाणं अमेरिकेत वर्षातलं एक नंबरचं गाणं ठरलं. मार्व्हलनेही नवीन पोरं उभी केली. दोन-चार वर्षांत सगळ्यांचा बार फुसका. त्या १९६९ साली आर्चीचं मुख्य मासिक दर अंकाला सरासरी पाच लाखांच्या वर विकलं जात होतं, सुपरमॅनच्याही पुढे. हे आकडे मी हवेतून देत नाही, अमेरिकन टपालखात्याच्या सवलतीसाठी प्रकाशकाला वर्षातून एकदा खपाचं निवेदन अंकातच छापावं लागायचं, किती छापले, किती विकले, किती परत आले. अमोघ, तुमच्या अंकांतही एखाद्यात असेल, बारीक अक्षरांचा कंटाळवाणा चौकोन, कुणी वाचत नाही, पण या धंद्यात त्याच्याइतकी खरी गोष्ट दुसरी छापलेली नाही. तसंच मध्येच दोन पानांची नुसत्या मजकुराची गोष्ट असते ना, जी मुलं उलटून टाकायची, तीही टपालाच्या नियमासाठीच.

---

मंजिरी_न्यूजर्सी

मी इथे २००१ पासून आहे आणि धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, माझ्याकडे संग्रह वगैरे नाही पण आर्ची कसा टिकला हे मी दर शनिवारी ग्रोसरीच्या लाइनीत बघितलंय. म्हणजे काय की पैसे द्यायच्या काउंटरपाशी च्युइंगम, चॉकलेटं आणि त्यांच्यामध्ये आर्चीची ती हाताएवढी डायजेस्ट, बरोब्बर ट्रॉलीत बसलेल्या पोराच्या डोळ्यांसमोर, आणि आई वैतागलेली असते, पोरगं किरकिरत असतं, आणि ती म्हणते घे बाबा एक. माझी दोन्ही मुलं इंग्रजी वाचायला त्याच्यावर शिकली असं म्हटलं तरी चालेल, आणि माझं स्वतःचं पण तसंच, मिरजेला आमच्या स्टेशनच्या बुकस्टॉलवरून बाबा आणायचे तीच साइज, तीच मुखपृष्ठं, म्हणून पहिल्यांदा इथे बघितलं तेव्हा त्या अनोळखी दुकानात एकदम कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं झालं होतं मला.

नंतर एकदा न्यू हॅम्पशायरला फिरायला गेलो होतो तेव्हा मेरेडिथ नावाच्या गावात तळ्याकाठच्या बागेत बाकावर बसलेला आर्चीचा ब्राँझचा पुतळा दिसला, २०१८ ला बसवलाय. कारण बॉब मॉन्टाना तिथे राहायचे, १९७५ ला तिकडेच गेले, शेवटपर्यंत वर्तमानपत्रातली आर्चीची चित्रपट्टी काढत होते. त्यांची शाळा मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरहिलची, आर्चीच्या गावातल्या, म्हणजे रिव्हरडेलच्या, शाळेची बरीचशी आठवण तिथलीच म्हणतात. धाकटीने पुतळ्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला. मला आपलं भरून आलं होतं.

कागदकीडा, डायजेस्ट नक्की कधी सुरू झाली हो?

---

कागदकीडा

मंजिरीताई, १९७३. आणि तुम्ही जे लिहिलंय तेच तर अर्धं उत्तर आहे. सत्तरच्या दशकात औषधाच्या दुकानातले ते तारेचे रॅक जायला लागले, पंधरा-वीस सेंटच्या वस्तूत दुकानदाराला सुटतं काय? सुपरहिरोवाले हळूहळू खास कॉमिक्सच्या दुकानांत गेले, जिथे माल परत घेत नाहीत पण गिऱ्हाईक ठरलेलं. आर्चीवाल्यांनी उलटं केलं, अंक छोटा पण जाडा केला, किंमत वाढवली आणि किराणा दुकानाच्या काउंटरवर जाऊन बसले, जिथे आई आणि मूल दोघं एकत्र असतात.

दुसरं अर्धं उत्तर म्हणजे आत भरायला माल. डायजेस्टमध्ये बहुतेक जुन्याच गोष्टी पुन्हा छापलेल्या असायच्या. तीस वर्षांचा साठा घरात पडलेला, आणि सगळा मालकीचा. चित्रकाराला पानामागे एकदा पैसे दिले की संपलं. आर्ची कधी मोठा होत नाही, शाळा संपत नाही, त्यामुळे ५८ ची गोष्ट ८८ ला चालते, फार तर पँटची बॉटम बदला. मिलीचं तसं नव्हतं, तिचा जीव फॅशनमध्ये, ती दहा वर्षांत जुनी व्हायची.

---

चित्रा_र

इतका वेळ नुसती वाचत होते पण आता चित्रकारांचा विषय निघाला म्हणून. मी स्वतः ॲनिमेशनमध्ये काम करते आणि हे हात ओळखायचा मला नाद आहे.

कागदकीडांनी जे एका वाक्यात लिहिलं, पानामागे एकदा पैसे आणि संपलं, त्यावर जरा थांबायला पाहिजे. डॅन डिकार्लो घ्या. १९४९ पासून दहाएक वर्षं मिली काढली, तिथे निदान मार्व्हलचे लेखक-संपादक स्टॅन ली यांच्याबरोबर त्यांची सही तरी असायची गोष्टीवर. मग आर्चीकडे आले आणि बेटी-व्हेरोनिकाचा जो चेहरा आज जगाला माहीत आहे तो त्यांचा. १९६२ ला आर्चीवाल्यांचीच सबरीना ही चेटकीण पोरगी, लेखक जॉर्ज ग्लॅडिर, चित्र डिकार्लो. १९६३ ला जोसी ही अजून एक नायिका, बायकोचंच नाव दिलं तिला. आणि म्हातारपणी जोसीच्या हक्कांसाठी कोर्टात गेले तर चाळीस वर्षांचं काम बंद झालं. २००१ च्या डिसेंबरात गेले. मी कॉलेजात असताना हे वाचलं होतं आणि मला दोन दिवस पेन्सिल हातात धरवली नव्हती.

आणि अमोघ, तुम्ही विचारलंत की बाकीची गेली कुठे. मासिकं बंद पडली पण हात कुठे गेले ते बघा. डिकार्लो मिलीवरून आर्चीकडे. तुमच्याकडच्या साठच्या दशकातल्या मिली ज्यांनी काढल्यात ते स्टॅन गोल्डबर्ग, तेही पुढे आर्चीकडे आणि तिथे चाळीस वर्षं. पॅट्सी काढणारे अल हार्टली, तेही आर्चीकडे. प्रतिस्पर्धी घरं एकामागून एक बंद झाली आणि त्यांची माणसं याच घरात कामाला आली. म्हणजे आपण नव्वदमध्ये भाड्याने आणून वाचलेल्या डायजेस्टमध्ये मिली पण होती आणि पॅट्सी पण होती, फक्त त्यांना बेटी आणि व्हेरोनिका म्हणत होते.

मामांच्या गोष्टीबद्दल, ६४ चा जगहेड असेल तर मला एकच नाव सुचतंय पण पान बघितल्याशिवाय बोलणार नाही. फोटो टाकाल का? नाहीतर शब्दांत सांगा, जगहेड उभा कसा राहतो आणि मागे काय चाललंय.

---

अमोघ_डोंबिवली

सगळ्यांचे आभार, मी हे सगळं मामाला वाचून दाखवतोय. पट्टीचं ऐकून तो जोरात म्हणाला, मी कशाला कापीन, बाल्टिमोरच्या बंदराजवळ एका म्हाताऱ्याच्या दुकानात जमिनीवर ढीग असायचा, पंचवीस सेंटला पाच, त्यातली आहेत ती. पुण्याच्या दादांना सलाम.

चित्राताई, फोटो अपलोड होत नाहीये म्हणून लिहितो. जगहेड असा उभा आहे की अंगात हाडंच नाहीत, खांदे खाली, पोट पुढे, हात लोंबतायत, डोळे अर्धे मिटलेले. आर्ची समोर ओरडतोय आणि याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. आणि मागे वेगळंच काहीतरी चालू आहे, गोष्टीशी संबंध नसलेलं. एका चौकटीत रस्त्याच्या पलीकडे एक बारका माणूस शिडी घेऊन जातोय, दोन चौकटींनंतर तोच माणूस शिडी नसलेला, आणि शेवटच्या चौकटीत शिडी खिडकीतून बाहेर आलेली. मी पाच वेळा वाचलं तेव्हा मला दिसलं, मामा म्हणाला मला साठ वर्षांपूर्वीच दिसलं होतं.

---

चित्रा_र

सॅम श्वार्ट्झ.

पान डोळ्यांनी बघितलं असतं तर अजून खात्रीने म्हटलं असतं, पण ६४ सालचा जगहेड, हाडं नसलेलं अंग आणि मागे चाललेली दुसरी गोष्ट, हे तिन्ही एकत्र आलं की दुसरं कुणी असणं फार अवघड आहे. पन्नासच्या दशकापासून जगहेड त्यांच्याच हातात होता. त्याच काळात आर्चीचं मुख्य मासिक हॅरी ल्यूसींचं, त्यांची माणसं अंगभर नाचतात, पडतात, आदळतात. श्वार्ट्झ यांचं उलट, माणूस जितका कमी हलेल तितकं हसू येतं. आणि शब्द बहुतेक फ्रँक डॉयल यांचे असतील, या घरात सगळ्यात जास्त लिहिलं ते त्यांनीच, त्यांचंही नाव तेव्हा छापत नसत.

आता एक गंमत करा. श्वार्ट्झ १९६५ ला आर्ची सोडून टॉवर नावाच्या नवीन कंपनीत संपादक म्हणून गेले आणि तिथे त्यांनी एक टीनएज मासिक काढलं. नाव ओळखा. तुमच्या ट्रंकेत आहेत त्याचे दोन अंक, २५ सेंटवाले. टॉवर काही वर्षांत बंद पडली आणि ते परत जगहेडकडे आले. टिपी टीन उघडा आणि बाजूला जगहेड ठेवा, पायांकडे बघा, उभं राहण्याकडे बघा. प्रत्येक पान त्यांचंच असेल असं नाही, पण एखादं तरी सापडेल.

---

जुनी_पुस्तकं_पुणे

वा चित्राताई. अमोघ, अंक जपण्यासाठी, हा कागद लाकडाच्या लगद्याचा आहे, त्यात आम्ल असतं, तो आपोआप पिवळा पडतो आणि कडेने तुटतो, त्याला उपाय नाही पण वेग कमी करता येतो. आम्लरहित पुठ्ठा मागे, चांगली पॉलिएस्टरची पिशवी, उभे ठेवा, अंधारात ठेवा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा. कसर लागली असेल तर आधी एकेक पान मऊ ब्रशने झाडा. लॅमिनेशन करू नका, कुणी कितीही सांगू दे. आणि डोंबिवलीची पत्र्याची ट्रंक मे महिन्यात भट्टी होते, ती नकोच.

---

अमोघ_डोंबिवली

रविवारी मामाकडे गेलो होतो. जेवण झाल्यावर टेबलावर जुना पंचा अंथरला, एका बाजूला जगहेड ठेवला, दुसऱ्या बाजूला टिपी टीन, आणि काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं बघ. त्याने चष्मा बदलला. टिपीची पानं हळूहळू उलटली, तिसऱ्या की चौथ्या गोष्टीवर थांबला, त्यात एक पोरगा भिंतीला टेकून उभा आहे, त्याच्यावर बोट ठेवलं, मग जगहेडवर ठेवलं, परत पोरग्यावर. म्हणाला, हा तोच माणूस आहे रे. चित्राताई, मी तुमचं नाव घेतलं नव्हतं तोपर्यंत, शप्पथ.

मग सगळं सांगितलं, ६५ ला नोकरी सोडली, नवीन कंपनी, ती बुडाली, परत आला. मामा बराच वेळ गप्प होता. दोन्ही अंक मी एकाच दुकानातून घेतले असणार, म्हणाला, आणि मला कळलं पण नाही. मग म्हणाला नाव परत सांग, आणि एका चिठ्ठीवर लिहून दे, मराठीत, मोठ्या अक्षरात. मी सॅम श्वार्ट्झ असं लिहून दिलं, त्याने ती चिठ्ठी घडी न घालता जगहेडच्या त्या पानात ठेवली आणि मग मला पिशवी बंद करू दिली.